चाकावरचं लोखंड

नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागलं की सावेडी मागे पडते, सीनेचा पूल येतो आणि नागापूर एमआयडीसी सुरू होते. कंपन्यांची फाटकं, वजनकाटे, टायरवाले, चहाच्या टपऱ्या आणि मधूनच पत्र्याच्या शेडखालचं एखादं वॉशिंग सेंटर. शिर्डी-शिंगणापूर करून आलेल्या परगावच्या गाड्या इथे थांबतात, आणि शिफ्ट संपल्यावर कामगारांच्या, सुपरवायझरांच्या गाड्याही येतात. बहुतेकांचं बोलणं एकच: ‘चाकं जरा चकाचक करा, रस्त्याची लई धूळ बसलीय.’

चाकं धुणारा पोरगा यावर काही बोलत नाही. पण त्याला माहीत असतं की गिऱ्हाईक ज्याला रस्त्याची धूळ म्हणतंय, त्यातला चिवट भाग रस्त्याचा नाहीच. नगरच्या रस्त्याची धूळ भुरकट असते, पाण्याच्या पहिल्या फवाऱ्यात वाहून जाते. फवाऱ्यानंतरही रिमला चिकटून राहते ती काळी, किंचित तेलकट वाटणारी पूड गाडीतूनच निघालेली असते. पटत नसेल तर तो जुन्या स्पीकरचा लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून चाकाजवळ नेतो. पिशवीला काळी लव फुटते. गाडीचंच लोखंड ते.

पुढच्या चाकाच्या आत डिस्क असते, बिडाच्या ओतीव लोखंडाची. ब्रेक दाबला की कॅलिपर दोन बाजूंनी दोन पॅड तिच्यावर आवळतो. पॅडमध्ये फिनॉलिक राळ, ग्रॅफाइट, पोलादाचे तंतू, बॅराइटची भुकटी असं बरंच काही दाबून भरलेलं असतं. गाडीचा वेग घर्षणात जिरतो, घर्षणाची उष्णता होते, आणि प्रत्येक वेळी डिस्क व पॅड दोन्ही कणाकणाने झिजतात. डिस्क किती पातळ झालेली चालेल, ते किमान माप बहुतेक वेळा तिच्या कडेवरच कोरलेलं असतं. जे झिजतं त्यातलं काही हवेत जातं, काही रस्त्यावर पडतं आणि उरलेलं गरमागरम असतानाच रिमवर बसतं. कढईच्या बुडाला जळकं तेल धरतं तशी ही पूड लॅकरला धरते. दव पडलं, पाऊस झाला की त्यातलं लोखंड गंजतं आणि चंदेरी रिमवर नारिंगी ठिपके उमटतात. मालकाला वाटतं रिमच गंजली. रिम ॲल्युमिनियमची, तिला तांबडा गंज चढत नाही. गंजलेले असतात ते वर रुतलेले कण.

अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात हा प्रश्न नव्हता. चारही चाकांना ड्रम ब्रेक. लायनरची भुकटी ड्रमच्या पोटातच साठायची आणि बाहेर पत्र्याच्या रिमवर स्टीलची वाटी चमकायची. आजही बऱ्याच गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. त्यात ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणजे जास्त काम पुढच्याच चाकांना. पुढची जोडी काळी आणि मागची जवळपास स्वच्छ, हे म्हणूनच.

चांगला धुणारा पाण्याचा पंप सुरू करण्याआधी चारही चाकांभोवती एक फेरी मारतो. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडला. पुढची दोन्ही चाकं सारखी काळी असतील तर ठीक. एकच जास्त काळं असेल तर तो हाताची पाठ रिमजवळ नेऊन ऊब बघतो. ते चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं असेल, तर कॅलिपरची पिन अडकली असण्याची शक्यता असते. पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. काळेपणा ओला, चिकट असेल आणि आतून बाहेर ओघळलेला दिसला, तर मग ती पूड नव्हे, ग्रीस किंवा ब्रेक ऑइल. ‘आधी मिस्त्रीकडे दाखवा, मग माझ्याकडे आणा,’ असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा धुलाईवाला मी इथेच पाहिला. विळद घाटातून, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अडखळत, खड्डा दिसला की ब्रेक मारत आलेली गाडी आणि पहाटे मोकळ्या रस्त्याने सावकाश आलेली गाडी, या दोन्हींतला फरकही त्याला चाकावरून कळतो. तो ते बोलून दाखवत नाही, गिऱ्हाईक टिकवायचं असतं.

मग थांबायचं. हे मात्र गिऱ्हाइकांना जमत नाही. लांबून आलेल्या गाडीची डिस्क चांगलीच तापलेली असते, तिच्यावर गार पाण्याचा झोत मारला तर बिडाला एकदम आकसायला लावल्यासारखं होतं. डिस्क वाकडी होऊ शकते आणि पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरतं. शिवाय तापल्या रिमवर कुठलंही औषध लगेच वाळतं आणि डाग सोडतं. म्हणून चहा. टपरी शेजारी असणं हे या धंद्याचं तांत्रिक अंग आहे, असं मी गंमतीने नव्हे, मनापासून म्हणतो.

चाकं बॉडीच्या आधी धुतात, कारण चाकाची घाण उडून दारांवर जाते, दारांची चाकावर येत नाही. चाकाची बादली वेगळी, फडकं वेगळं. त्या फडक्यात लोखंडाचे कण अडकलेले असतात. तेच बॉनेटवर फिरवलं की उन्हात गोल गोल ओरखडे दिसतात. आधी नुसतं पाणी, मग शाम्पूचा फेस, मग ब्रश. नटांच्या खोबणीत बारीक ब्रश जातो, आऱ्यांच्या मागे आणि रिमच्या आतल्या पोटात लांब दांड्याचा मऊ ब्रश. आत हात घालताना तो एका जागी जपून जातो: तिथे बॅलन्सिंगची वजनं चिकटवलेली असतात. प्रेशरचा झोत जवळून बसला आणि एखादं वजन उडालं, तर चाकं चकचकीत होतील खरी, पण पुढच्या वेळी वेग घेतला की स्टिअरिंग हलायला लागेल.

एवढ्याने निम्मं काम होतं. रुतलेलं लोखंड तसंच राहतं. त्यासाठी आता एक फवारा मिळतो. पाण्यासारखा दिसतो, मारून दोन-तीन मिनिटं थांबलं की चाकावरून जांभळे ओघळ सुटतात. नवीन गिऱ्हाईक दचकतं, रंग चालला की काय! त्यातला थायोग्लायकोलेट हा क्षार लोखंडाला धरतो, जांभळं संयुग बनवतो आणि कण सैल करतो. वास कुजक्या अंड्याचा, गंधकाचा. पार्लरमध्ये केस कुरळे करायला किंवा केस काढायच्या क्रीममध्ये याच कुळातली रसायनं असतात, त्यामुळे तो वास काहींना ओळखीचाही वाटतो. फवारा वाळू द्यायचा नाही, उन्हात मारायचा नाही, आणि हातमोजे घालायचे. पहिल्या दोन गोष्टी सगळे पाळतात.

नागापुरात याच फवाऱ्याने एक वेगळी गोष्ट दिसते. काही गाड्यांचे टप आणि बॉनेटही जांभळे ठिपके दाखवतात. तिथे ब्रेकची पूड कशी पोचेल? एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेडं आहेत, दिवसभर ग्राइंडर चालतात, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे उडणारं पोलादच. वाऱ्याच्या दिशेला पार्किंग असेल तर ते कण रंगात रुततात. गाडी कंपनीत कुठे उभी राहते, हे जांभळ्या ठिपक्यांच्या दाटीवरून सांगता येतं.

फवारा महाग पडतो, म्हणून स्वस्ताचा मार्गही आहे, आणि तो मला मान्य नाही. फरशी धुवायचं ॲसिड पाण्यात मिसळून ब्रशने फिरवायचं. क्षणात फेस येतो, काळं निघतं, गिऱ्हाईक खूश. पण हायड्रोक्लोरिक ॲसिडला लोखंड आणि ॲल्युमिनियम यांत भेद करता येत नाही. लॅकरला जिथे टवका उडालाय तिथून ते खाली उतरतं, आणि वर येणाऱ्या फेसातले बुडबुडे मळाचे नसून विरघळणाऱ्या धातूतून निघालेल्या हायड्रोजनचे असतात. कॉस्टिकनेही ॲल्युमिनियम पांढरं पडतं. डायमंड कट रिमचे हाल सगळ्यांत वाईट: तिचा चेहरा लेथवर कापून उघडा केलेला असतो आणि वर फक्त पारदर्शक थर. फुटपाथला घासून कड उघडी पडली की पाणी त्या थराखाली शिरतं आणि पांढऱ्या अळ्या चालत गेल्यासारख्या रेघा पसरतात. त्या धुवून निघत नाहीत, रिम पुन्हा कापावी लागते, आणि तेही दर वेळी करता येत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत मात्र हे सगळं शहाणपण रांगेखाली चिरडतं. खंडेनवमीला यंत्रं आणि हत्यारं पुजायची, गाड्या चमकायलाच हव्यात; ट्रक, टेम्पो, बुलेट, कार, सगळे एकाच पंपासमोर. त्या दिवशी कोणी डिस्क गार व्हायची वाट बघत नाही.

आणखी एक सवय काळजीची आहे. ड्रम उघडला की हवेच्या पाइपने भुकटी फुंकून काढायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून हे घातक मानलं गेलं. भुकटीत ते नसलं तरी बारीक धातू छातीत ओढून घेण्यात काही शहाणपण नाही. ओलं करून पुसलं तर पाच मिनिटं जास्त लागतात. जग आता या पुडीकडे लक्ष देऊ लागलंय. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या अमेरिकी राज्यांनी २०१० मध्येच पॅडमधलं तांबं कमी करण्याचे कायदे केले, कारण ते पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊन माशांना बाधत होतं. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांनी ब्रेकच्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा घातली: नव्या मॉडेलच्या पेट्रोल-डिझेल कारना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण विजेवरच्या कारना ३, अंमल नोव्हेंबर २०२६ पासून. ७ मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १०,००० किलोमीटरला ते ७० ग्रॅम होतात, आणि हा हिशेब हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा. विजेची गाडी मोटरने वेग कमी करते, तिची डिस्क इतकी कमी वापरली जाते की पूड पडण्याऐवजी तिच्यावर गंज चढतो.

इथल्या शेडमध्ये धुतलेलं पाणी फरशीच्या उतारावरून कडेच्या गटारीत जातं. गाळ बसायला खड्डा आणि तेल अडवायला सापळा असेल तर लोखंडाची पूड तळाशी बसते आणि खोऱ्याने काढता येते. नसेल तर उतार ज्या बाजूला आहे तिकडे, आणि नागापुरात उतार सीनेकडेच आहे. ज्या सेंटरमध्ये मी सर्वाधिक वेळ काढला तिथे खड्डा होता. काढलेला गाळ वाळला की काळ्या वाळूसारखा दिसतो आणि चुंबकाला गच्च धरतो.

शेवटचं काम पुसण्याचं. बोअरचं पाणी जड. रिमवर वाळलं तर क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, म्हणून लगेच फडकं. वर मेणाचा किंवा सीलंटचा पातळ हात दिला तर पुढच्या वेळची पूड लवकर सुटते. एवढं होईतो डिस्कच्या घासल्या जाणाऱ्या तोंडावर नारिंगी झाक आलेली असते, कारण उघडं बीड भिजलं की काही मिनिटांत गंज धरतं. गिऱ्हाईक त्याकडे बोट दाखवतं. पोरगा त्यावर काहीच लावत नाही. डिस्कवर मेण किंवा पॉलिश गेलं तर ब्रेकच लागणार नाहीत. तो एवढंच सांगतो, ‘रस्त्याला लागायच्या आधी, इथेच हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबा, साहेब.’ ओले पॅड सुकतात, गंज पुसला जातो. गाडी फाटकापर्यंत जाईतो डिस्क पुन्हा चकचकीत झालेली असते आणि पुसलेला गंज रिमच्या आत जाऊन बसलेला असतो.