पायपीट करणारा तपासनीस

डीएनए चाचणीचा बोलबाला होण्याआधीची गोष्ट. कन्सल्टंटची बऱ्या पगाराची नोकरी सोडून प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकणारा जिम मॅक्लोस्की १९८० साली न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या तुरुंगात कैद्यांना भेटायला जाऊ लागला. जन्मठेपेचा एक कैदी ‘खून मी केलाच नाही’ म्हणत राहिला. मॅक्लोस्कीनं खटल्याचे कागद मुळापासून वाचले, साक्षीदार हुडकून त्यांची दारं ठोठावली. शिक्षेचा मोठा आधार होता तुरुंगातल्याच एका खबऱ्याची साक्ष. ती खोटी निघाली. १९८३ मध्ये कैदी सुटला, त्याच वर्षी अशा कैद्यांसाठी मॅक्लोस्कीची ‘सेंच्युरियन’ संस्था सुरू झाली. वकील कायद्याचा कीस पाडतात (पाडावाच!), पण निकाल लागलेला खटला पुन्हा उघडायला बहुधा नवा पुरावा लागतो. तो अनेकदा असा दारोदार हिंडूनच मिळतो.