चौकटीतले हात

आमच्या दिवाणखान्यात आजोबांच्या वेळचा एक फोटो आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो दरवर्षी खाली उतरतो आणि पुसून पुन्हा खिळ्यावर जातो. आजोबा खुर्चीवर, आजी मागे उभी, मुले उंचीप्रमाणे ओळीने. साऱ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. एकाचीही दुसऱ्याकडे नाही. नाती कळतात, पण माया दिसत नाही, अशी माझी या फोटोविषयी जुनी तक्रार होती.

यंदा तो पुसताना मला एक दुसरेच चित्र आठवले. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग ही अमेरिकन छायाचित्रकार सरकारी कामगिरी आटोपून घरी निघाली होती. कॅलिफोर्नियात निपोमो गावाजवळ वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला दिसली. ती तशीच पुढे गेली. पण २० मैलांवर मन राहवेना, म्हणून तिने गाडी माघारी वळवली. थंडीने पीक गेलेले, मजूर उपाशी. आणि एका तंबूत ३२ वर्षांची आई मुलांना घेऊन बसलेली.

लांबून घेतलेल्या चित्रांत तंबू आहे, सामान आहे, थोरली मुलगीही आहे. ती पाहून आपण ‘अरेरे’ म्हणतो, एवढेच. मग लँग जवळ जवळ सरकत गेली. जगाला ठाऊक झालेल्या चित्रात उरली फक्त आई, मांडीवरचे तान्हे आणि दोन खांद्यांना बिलगलेली दोन मुले. या दोघांनी तोंडे फिरवली आहेत. त्यांचे चेहरे दिसते, तर आपले लक्ष वाटले गेले असते. ते दिसत नाहीत, म्हणून त्यांचा भार तेवढा जाणवतो. आईचा हात गालाशी, नजर दूर कुठेतरी. मुले तिला टेकली आहेत. तिला टेकायला कोणी नाही. हे मांडणीनेच सांगितले आहे, खाली ओळ लिहावी लागत नाही.

चित्राच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरणाऱ्या हाताचा अंगठा आला होता. लँगला तो दोष वाटला. पुढे तिने तो पुसट करवून घेतला. मला मात्र वाटते, तोही हात काहीतरी सावरतच होता!

चित्र छापून आल्यावर तळावर अन्न पोचले, पण तोवर हे कुटुंब पुढच्या वाटेला लागले होते. लँगने त्या आईचे नावही विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळले १९७८ मध्ये, आणि या चित्राने आपल्याला काही दिले नाही ही तिची खंतही तेव्हाच कळली.

हे मनात घोळत असताना मी आमचा फोटो खिडकीशी नेला. ओळीच्या टोकाला धाकटी आत्या, चार वर्षांची. तिचा एक हात नीट खाली सोडलेला. दुसरा मागे गेलेला, आणि त्या मुठीत आजीचा पदर! इतक्या वर्षांत तो मला दिसला नव्हता.

त्या ओळीतली आता आत्याच तेवढी आहे. मी तिला लगेच फोन लावला.

“अरे, फोटोवाल्याने डोक्यावर काळे फडके घेतले ना, तेव्हा मी भ्याले,” ती हसत म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “घडी मोडलेली आईला चालत नसे. पण त्या दिवशी तिने पदर सोडवून घेतला नाही.”