भेटीचा वार मुलाचा असतो

आज जरा नाजूक विषय घेतलाय. नवरा-बायको वेगळे झाले, कोर्टाने मुलांचा ताबा आणि भेटीचे दिवस ठरवून दिले, पण ते पाळले गेले नाहीत, तर काय करायचं?

आधी हे कोर्ट ठरवतं कसं, ते पाहू. हिंदू कुटुंबांसाठी १९५६ चा कायदा सांगतो, की पाच वर्षांच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना वापरता येतो. पण कोर्टाचा खरा निकष एकच, मुलाचं हित. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याचं मतही विचारात घेतात. मूल एकाकडे राहिलं, तरी दुसऱ्याची भेट ठरवून दिली जाते. २०२० मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन्ही पालकांचं प्रेम हा मुलाचा हक्क आहे. भेटीशिवाय फोन आणि व्हिडिओ कॉलवर बोलणं व्हावं, असंही त्यात म्हटलंय.

आता नेहमीचा प्रश्न. “तो पोटगीचा रुपया देत नाही, मग मी लेकराला का पाठवू?” ताई, तुमचा राग खरा आहे. पण पोटगी आणि भेट हे दोन वेगळे आदेश आहेत. पोटगी थकली तर वसुलीसाठी कोर्टात अर्ज करा. मूल घरात अडवून ठेवलंत, तर पुढच्या तारखेला त्याची थकबाकी बाजूला राहते आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. वारंवार असं झालं, तर कोर्ट ताब्याचाही फेरविचार करू शकतं. त्यालाही हाच नियम लागू आहे. भेट झाली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही.

कधी उलटही घडतं. समजा, शनिवारी त्याने मुलीला नेलं, रविवारी सहाला आणून सोडायचं होतं, आणि सोमवार उजाडला तरी पत्ता नाही. अशा वेळी भावांना घेऊन तिला ओढून आणायला जाऊ नका. मारामारी झाली तर तुमच्यावरच तक्रार होते, आणि पोर ते सगळं बघते. त्याला मेसेज करा, “आदेशाप्रमाणे मुलगी काल सहाला यायची होती, कधी आणताय?” उत्तर जपून ठेवा. एका वहीत तारीख, वेळ आणि काय घडलं ते लिहा. मग आदेशाची प्रमाणित नक्कल घेऊन, ज्या कोर्टाने आदेश दिला तिथे अर्ज करा. कोर्ट मुलीला हजर करायला सांगू शकतं, मुक्कामाची भेट बंद करून कोर्टाच्या आवारातली भेट ठेवू शकतं. जाणूनबुजून आदेश मोडणं हा कोर्टाचा अवमान आहे. १९७१ च्या कायद्यात त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पोलिसांत तक्रार देता येते, पण ताबा कोणाचा हे पोलीस ठरवत नाहीत.

मूल आजारी असेल किंवा परीक्षा असेल, तर आदल्या दिवशीच कळवा आणि बदली दिवस सुचवा. मूल जायलाच नको म्हणत असेल, तर कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांना सांगा. ते मुलाशी बोलतात.

आणि धोका असेल तर? वडील दारू पिऊन नेतात, मारतात? तेव्हा लेकराची सुरक्षितता आधी. ११२ किंवा १०९८ ला फोन करा. पण त्यानंतर गप्प बसू नका, लगेच कोर्टात जा. कोणाच्या तरी देखरेखीखाली भेट व्हावी, असं मागता येतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली, भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारूही शकतात.

आणखी एक. भेटीचे दिवस तोंडी बदलून घेतलेत, तरी कागदावरचा आदेश तोच राहतो. पुढे भांडण झालं तर तोच बघितला जातो. म्हणून दोघांना पटलेला बदल लिहून कोर्टात द्या. मूल मोठं होतं, शाळा बदलते, गाव बदलतं, तसा आदेशही बदलून मिळतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याने बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

आज घरी गेल्यावर आपला आदेश काढून वाचा. वार, वेळ, जागा, सणासुदीच्या सुट्ट्या आणि फोनची वेळ, या पाच गोष्टी त्यात स्पष्ट आहेत का बघा. नसतील तर त्या लिहून मिळाव्यात म्हणून अर्ज करा. आणि “बाबांना सांग, पैसे पाठव” हा निरोप मुलाच्या तोंडी देऊ नका. त्यासाठी कोर्ट आहे.