नगरचा गोल, चांदबिबीचा अष्टकोन

नगरच्या भुईकोट किल्ल्याचा नकाशा जवळपास गोल आहे. तटाचा घेर दीड किलोमीटरहून जास्त. शहराबाहेर डोंगरावर निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ही तीन मजली इमारत अष्टकोनी आहे. मॅट्रिक्स 'केवढी' मोठी हे कसं मोजायचं, या प्रश्नाच्या उत्तरात हे दोन्ही आकार भेटतात.

मॅट्रिक्स म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले आकडे. दोन बाय दोनची मॅट्रिक्स कागदावरचे बिंदू हलवते आणि एक त्रिज्येच्या वर्तुळाचं लंबवर्तुळ करते. त्याच्या मोठ्या आणि लहान अक्षांच्या निम्म्या लांब्या म्हणजे तिच्या सिंग्युलर व्हॅल्यू. कागद आधी फिरवा किंवा नंतर, लंबवर्तुळ फक्त कलतं. लांब्या त्याच राहतात. म्हणून फिरवल्याने किंवा उलटवल्याने न बदलणारं कोणतंही माप, म्हणजे युनिटरी इन्व्हेरियंट नॉर्म, या दोनच आकड्यांवर ठरतं.

अशी मापं अनेक. कोणी फक्त मोठा आकडा घेतं, कोणी बेरीज, कोणी वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. हे दोन आकडे बिंदूचे निर्देशांक मानून (उणे चिन्हंही धरून) ज्यांचं माप एकपर्यंत भरतं ते सगळे बिंदू आलेखावर मांडले, की अनुक्रमे चौरस, टोकावर उभा चौरस आणि वर्तुळ मिळतं. जॉन फॉन नॉयमन यांनी १९३७ मध्ये दाखवलं, की दोन्ही अक्षांभोवती आणि कर्णांभोवती सममित असलेली, कुठेही खाच नसलेली प्रत्येक आकृती अशा एका मापाची असते, आणि प्रत्येक मापाची अशीच एक आकृती असते.

खाचेची अट महत्त्वाची. दोन मॅट्रिक्सच्या बेरजेचं माप त्यांच्या मापांच्या बेरजेहून जास्त होता कामा नये. खाच पडली की हा नियम मोडतो. किल्ल्याचे बुरूज जमेस धरले, तर त्यांच्यामधला तट आत जातो आणि आकृती बाद होते.

अष्टकोन मात्र चोख बसतो. चौरसावर तेवढाच चौरस टोकावर उभा ठेवला, की दोघांचा सामाईक भाग नियमित अष्टकोन असतो. या दोन चौरसांचं सामर्थ्य त्याहूनही मोठं आहे. की फॅन यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं, की एका मॅट्रिक्सची मोठी सिंग्युलर व्हॅल्यू आणि दोन्हींची बेरीज, ही दोन्ही दुसरीच्या तुलनेत जास्त नसतील, तर कोणत्याही मापाने ती मोठी ठरत नाही. मापं अनंत, तपासण्या दोनच! या विषयात याहून सुंदर विधान क्वचितच सापडेल. दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलेले राजेंद्र भाटिया यांचं 'मॅट्रिक्स ॲनालिसिस' (१९९७) हे पुस्तक जगभरचे अभ्यासक याच विषयासाठी उघडतात.

व्यवहारातला उपयोगही मोठा आहे. मोठ्या मॅट्रिक्सना दोनाहून जास्त सिंग्युलर व्हॅल्यू असतात. नगरजवळच्या हिवरे बाजार गावाच्या शिवाराचं हजार बाय हजार ठिपक्यांचं कृष्णधवल उपग्रहचित्र म्हणजे दहा लाख आकडे. त्याच्या सर्वांत मोठ्या ५० सिंग्युलर व्हॅल्यू आणि प्रत्येकीसोबतची एक उभी, एक आडवी ओळ, म्हणजे ५० थर, एवढंच ठेवलं, तर १,००,०५० आकड्यांत काम भागतं. लिओन मिर्स्की यांनी १९६० मध्ये दाखवलं, की यातलं कुठलंही माप लावा, ५० थरांत मूळ चित्राच्या याहून जवळ जाता येत नाही.