पंधरा सेकंदांचं झाड

फावडं मातीत घुसवायचं, पायानं दाबायचं, दांडा पुढेमागे हलवून फट मोठी करायची. कमरेच्या पिशवीतून रोप काढत वाकायचं, मुळं सरळ खाली सोडायची, फट बुजवायची, टाच मारायची. पाठ सरळ होते न होते तोच नजरेनं पुढची जागा हेरलेली असते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वसंतापासून ऐन उन्हाळ्यापर्यंत हजारो तरुण-तरुणी दिवसभर एवढंच करतात. एका झाडाला पंधरा सेकंद, फार तर वीस. दिवसाला हजारापासून तीन हजारांपर्यंत झाडं. हे फावडंही आपल्या खोऱ्यासारखं वाकडं नसतं. सरळ दांड्याचं, अरुंद पात्याचं आणि एका हातानं चालवता येईल इतकं ते आखूड असतं, कारण दुसरा हात सतत रोपांच्या पिशवीत असतो.

या प्रांतात दरवर्षी वीस कोटींहून अधिक रोपं लावली जातात आणि जवळजवळ प्रत्येक रोप माणसाच्या हातानं जमिनीत जातं. उतार, खडक, कुजके बुंधे आणि तोडीनंतर उरलेल्या फांद्यांचे ढीग असलेल्या जमिनीवर यंत्राचा टिकाव लागत नाही.

मजुरी झाडावर मिळते आणि दर जमिनीवर ठरतो. भुसभुशीत, मोकळ्या जमिनीला झाडं लावणारे ‘क्रीम’ म्हणतात. तिथं दर झाडाला साधारण दहा-पंधरा सेंटपासून सुरू होतो. किनाऱ्यालगतच्या उभ्या डोंगरांवर तो दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. पंधरा सेंटनं दोन हजार झाडं लावली, तर दिवसाचे तीनशे डॉलर होतात. कॉलेजची फी भरायला ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकमधून मुलं येतात, ती या हिशोबावर. नवख्याचे पहिले दिवस मात्र वाईट जातात. झाडांची मजुरी किमान वेतनापर्यंतही पोचत नाही आणि कायद्यानं ती तूट कंपनीला भरून द्यावी लागते.

दिवस सहाच्या सुमाराला जेवणाच्या मोठ्या तंबूत सुरू होतो. न्याहारी करता करताच दुपारचा डबा भरायचा, मग ट्रकमधून लाकूडतोडीच्या खडीच्या रस्त्यांवर लांबचा प्रवास. काही ठिकाणी बोट किंवा हेलिकॉप्टरच लागतं. रोपं शीतगृहातून झोपलेल्या अवस्थेत येतात. ऊन लागलं की ती सुकतात, म्हणून खोकी पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या ताडपत्रीखाली ठेवतात. तिथं पिशव्या भरायच्या: एका खेपेला दोनशे ते चारशे रोपं, म्हणजे वीसेक किलोपर्यंत वजन. बोटांना चिकटपट्टी, डोक्यावर डासांची जाळी, कमरेला अस्वलासाठी मिरचीचा फवारा. दिवसभरात उचललेलं वजन एकत्र मोजलं तर हजार किलोच्या वर जातं. सकाळी उठल्यावर फावड्याच्या हाताची बोटं उघडत नाहीत, ती दुसऱ्या हातानं एकेक सोडवावी लागतात. सेलकर्क कॉलेजच्या डेलिया रॉबर्ट्स यांनी या शरीरश्रमाचा खेळाडूंच्या श्रमासारखा अभ्यास केला आणि हंगामापूर्वीची व्यायामपद्धती बसवली. या कामाला ‘अकुशल’ म्हणणाऱ्यांनी तो अभ्यास जरूर पाहावा.

कारण खरं कौशल्य वेगात नाहीच. कॅनडाच्याच अल्बर्टा प्रांतात जुलै २०२१ मध्ये आंत्वान मोझेस यांनी चोवीस तासांत २३,०६० झाडं लावून जागतिक विक्रम केला. म्हणजे पावणेचार सेकंदांना एक. थक्क व्हायला होतं. पण रोजच्या कामाची कसोटी वेगळी असते, आणि ती एका दोरीवर अवलंबून असते. दोरी ३.९९ मीटर लांब. तपासनीस मध्ये उभा राहून ती फिरवतो, की बरोबर ५० चौरस मीटरचं वर्तुळ होतं. आतली झाडं मोजून दोनशेनं गुणली की हेक्टरी संख्या मिळते. वर्तुळात सात असावीत आणि पाच निघाली, तर मध्ये जागा सोडल्या. नऊ निघाली, तर दाटी केली. मग तो काही झाडं उकरून पाहतो. मूळ वर वळलंय का? रोप खालच्या मातीत आहे की नुसत्या पालापाचोळ्यात? सैल बसलंय का? चुका ठरावीक प्रमाणापलीकडे गेल्या, की पैसे कापले जातात किंवा तो तुकडा पुन्हा लावावा लागतो. वाकड्या मुळाचं झाड आज हिरवं दिसतं, पण काही वर्षांनी खुरटतं किंवा वाऱ्यात कलतं. पंधरा सेकंदांत एवढं सगळं पाहायचं असतं.

ही लागवड म्हणजे ओसाड माळावर उभं केलेलं पुण्यकर्म नव्हे, हे स्वच्छ सांगायला हवं. ती लाकूड उद्योगाचीच पुढची पायरी आहे. १९७० च्या दशकात शहरी जीवन सोडून आलेल्या तरुणांनी सहकारी संस्था काढून हे काम अंगावर घेतलं. १९८७ पासून प्रांतानं पुनर्लागवडीची जबाबदारी कायद्यानं तोड करणाऱ्या कंपन्यांवर टाकली. जंगल तुटतं म्हणून रोपं लागतात, आणि रोपं लागतात म्हणून पुढची तोड करता येते. लावणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. शार्लट गिल यांनी सुमारे दोन दशकं हे काम करून २०११ मध्ये ‘ईटिंग डर्ट’ हे पुस्तक लिहिलं. जमिनीवरची माया आणि उद्योगाबद्दलची अस्वस्थता त्यात शेजारी शेजारी नांदतात. मला ती अस्वस्थता प्रामाणिक वाटते.

कॅम्प मात्र माणसांना धरून ठेवतो. प्रत्येकाचा स्वतःचा तंबू. सामाईक असतात ते जेवणाचा तंबू, ओले कपडे वाळवायचा शेगडीचा तंबू, खणलेले संडास आणि अंघोळीचं गरम पाणी. मोबाइलला रेंज नसते. तीन-चार दिवस काम, एक दिवस सुट्टी. सुट्टीला प्रिन्स जॉर्ज किंवा व्हँडरहूफसारख्या गावात जाऊन कपडे धुवायचे. कॅम्पमधली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती फोरमन नव्हे, स्वयंपाकी. जेवण बिघडलं, तर माणसं दुसरा कॅम्प शोधतात.

हे ‘दुसरा कॅम्प शोधतात’ मोलाचं आहे. आपल्या ऊसतोड मजुरालाही कामाच्या मापावर, म्हणजे टनावर, मजुरी मिळते आणि तोही हंगामभर कोपीत राहतो. पण त्याच्या डोक्यावर मुकादमाची उचल असते, त्यामुळे त्याला निघून जाता येत नाही. कॅनडातल्या विद्यार्थ्याला ते येतं. सगळ्यांना मात्र नाही. २०१० मध्ये गोल्डन गावाजवळच्या कॅम्पमध्ये मुख्यतः आफ्रिकेतून आलेले कामगार पुरेसं अन्न आणि स्वच्छ पाण्यावाचून, थकलेल्या पगाराची वाट पाहत राहिलेले आढळले. प्रांताच्या मानवी हक्क न्यायाधिकरणानं २०१४ मध्ये वांशिक भेदभाव झाल्याचं ठरवून भरपाई द्यायला सांगितलं. प्रांत तोच, उद्योगही तोच होता.

आता जमीनही बदलते आहे. पाइनच्या सालीखाली शिरणाऱ्या भुंगेऱ्यानं १९९० च्या दशकापासून या प्रांतातलं विक्रीयोग्य लॉजपोल पाइन निम्म्याहून अधिक मारलं. कडक हिवाळे कमी झाल्यानं त्याच्या अळ्या थंडीतून जगू लागल्या. त्यानंतर २०१७, २०१८ आणि २०२१ च्या आगी आल्या, आणि २०२३ मध्ये एकाच हंगामात २८ लाख हेक्टरांवरचं जंगल जळालं. जळालेल्या उतारावर लावणारे उतरतात, तेव्हा पहिल्याच तासात चेहरे आणि हात काळे होतात. तिथं अस्वलापेक्षा जास्त भीती उभ्या मेलेल्या झाडांची असते. मुळं जळून गेल्यानं ती आवाज न करता पडतात. म्हणून आधी जाणकार येऊन धोक्याची झाडं हेरतो. वारा वाढला की फोरमन ओरडून सगळ्यांना मागे बोलावतो. अर्धी भरलेली पिशवी कमरेला तशीच ठेवून सगळे रस्त्यावर येऊन उभे राहतात आणि वारा पडायची वाट पाहतात.