चार खांबांचा खण

पेठेतले जुने माळवदी हॉटेल पाडायला निघाले, तर हरकत घ्यायला सहसा कुणी येत नाही. तिथे कुणी थोर पुरुष मुक्कामाला राहिलेला नसतो, मिरवावे असे कोरीवकामही नसते. चहा, भजी, शेव आणि रस्त्याकडे तोंड केलेली बाकडी, एवढाच थाट. तरीही पाथर्डीसारख्या बाजारगावाचा इतिहास सांगताना या वास्तूची साक्ष काढावीच लागेल.

पाथर्डी तालुका पर्जन्यछायेतला. कोकणातल्या घराला उतरते छप्पर लागते. इथे पाऊस बेताचा, सपाट छपरावर भागते. दगडी तळखड्यावर लाकडी खांब उभा करायचा, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी त्याला सहज गाठत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि वर पांढऱ्या मातीचा थर, हेच माळवद. चार खांबांमधली जागा तो एक खण. घर केवढे, हे खणांत सांगायचे. ओझे सांगाड्यावर असल्यामुळे रस्त्याच्या बाजूला भिंतीची गरज उरत नाही. तिथे खाचेत बसणाऱ्या फळ्या. सकाळी त्या काढल्या की अख्खे दुकान खुले. हॉटेलाला याहून सोयीचे काय? भट्टी पुढे, गल्ला बाजूला, बाकडी आत. धुराने कडीपाट काळा होई, पण तोच धूर किडीला दूर ठेवी.

या बाकड्यांवर तालुका बसत आला आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा. राज्यभरातून भटके समाज येतात, रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. नवरात्रात मोहटादेवीची वाट वाहते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल, गाडीची ठरवाठरव ही बोलणी कचेरीत होत नाहीत, चहाच्या कपावर होतात. हॉटेलाच्या इमारतीचे मोल असे वापरातून चढते.

माळवदावरचा विश्वास उडाला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, बहुतेक दगडमातीच्या घरांखाली. दोष सरसकट जुन्या बांधणीला लागला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या आणि लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. घात केला तो मातीत रचलेल्या जाड भिंतींनी आणि छपरावर साचलेल्या मातीने. गळती थांबवायला पावसाळ्याआधी नवा थर द्यायचा, जुना काढायचा नाही. असे करत काही घरांवर माती दीड-दोन फुटांवर गेली होती. म्हणजे माळवदात जपण्यासारखे आणि उतरवण्यासारखे, दोन्ही एकाच छताखाली आहे.

कायद्याची नजर मात्र मोठ्या वास्तूंवर. राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित स्मारकांसाठी. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली आणून इमारतींच्या श्रेणी ठरवल्या. छोट्या गावातल्या हॉटेलाच्या वाट्याला येते ती धोकादायक इमारतीची नोटीस, नाहीतर रस्ता रुंदीकरणाची खूण. शिवाय लाकूड कुजते, बदलावे लागते, मग जुने उरले काय, असा प्रश्नही पुढे येतो. त्याचे उत्तर १९९४ मध्ये जपानमधल्या नारा परिषदेने दिले आहे: अस्सलपणा केवळ मूळ सामग्रीत शोधायचा नाही, रूप, वापर, परंपरा आणि कसब यांतही तो असतो. कुजलेली कडी त्याच पद्धतीने बदलली, तर वास्तू बाटत नाही.

त्यामुळे काम आवाक्यातले आहे. आधी खण मोजून नकाशा करावा, छायाचित्रे घ्यावीत. छपरावरची जादा माती उतरवून पातळ, पाणी न झिरपणारा थर द्यावा. भिंती सांगाड्याला बांधून घ्याव्यात. कुजकी लाकडे सुताराकडून बदलावीत. जुने सांधे जाणणारा सुतार आहे तोवर तरुण हात त्याच्यासोबत लावावेत. आणि चहा चालूच ठेवावा, कारण बंद इमारतीतली गळती कुणाला दिसत नाही.

पाडलेल्या घरांचे जुने सागवान आज चांगल्या भावाने विकले जाते, खांब फार्महाऊसच्या ओसरीत जातात. बाजाराला किंमत कळली आहे, पण ती सुट्या लाकडाची. उभ्या खणाची किंमत मालकाला परवडेल अशी करायची, तर दुरुस्तीच्या खर्चात नगरपरिषदेने आणि गावाने वाटा उचलावा लागेल. नुसत्या हळहळीने एकही कडी बदलली जात नाही.