जुन्या जीपचा स्टेअरिंग बॉक्स बदलताना

नांदेड-लातूरच्या पाणंद रस्त्यांवर पावसाळ्यात काळी माती चाकांना घट्ट धरते. अशा वाटांवर वर्षानुवर्षे राबलेल्या जीपचं पॉवर स्टेअरिंग कधी ढिलं पडतं, कधी सीलमधून ऑइल गळू लागतं. मात्र स्टेअरिंगचा प्ले (मोकळी हालचाल) वाढला म्हणून लगेच बॉक्सला दोष देऊ नका. आधी टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट तपासा.

बॉक्स बदलायचाच असेल, तर चाकं सरळ ठेवून जुनं ऑइल काढावं. बॉक्सला लावलेला ड्रॉप आर्म पुलरनेच सोडवावा. हातोड्याचे घाव घालू नयेत. नव्या बॉक्सचा शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत आणि निम्म्यावर आणून मगच आर्म बसवावा. हे चुकलं, तर गाडी एका बाजूला कमी वळते. स्टेअरिंग ऑइलची टाकी आणि होसपाइपही धुवावेत, कारण जुना कचरा नवा बॉक्स खराब करतो.

शेवटी कंपनीने सांगितलेलं ऑइल भरावं. पुढची चाकं उचलून, स्टॅन्डवर टेकवून स्टेअरिंग दोन्हीकडे सावकाश फिरवत हवा काढावी. ऑइलला फेस येत असेल, तर आत अजून हवा आहे. मग अलाइनमेंट करून घ्यावी. स्टेअरिंगवर घरच्यांचा जीव अवलंबून असतो, म्हणून हे काम जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्यावं.